एसटीने हरिश्चंद्रगड: खुबी फाट्यापर्यंत आणि परत

कल्याणच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जाऊन "हरिश्चंद्रगडाची गाडी कधी आहे?" असं विचारलंत, तर आतून "तशी गाडी नाही" एवढंच उत्तर येईल. ते खरंही आहे. एसटी गडाला जात नाही. गावाला जाते, नाहीतर फाट्याला. तेच "माळशेजवरून जाणारी पुढची गाडी कुठली? खुबी फाट्याला उतरायचंय" असं म्हणालात, तर आतला माणूस मान वर न करता दोन-तीन वेळा सांगून मोकळा होतो. स्वतःचं वाहन न काढता पहिल्यांदाच ट्रेकला निघालेल्यांची निम्मी फजिती या प्रश्नातच होते.

म्हणून पहिलं काम घरी बसूनच करायचं. गडाचं नाव बाजूला ठेवा आणि पायथ्याचं गाव शोधा. राजगडाला गुंजवणे, तोरण्याला वेल्हे, कळसूबाईला बारी, रतनगडाला रतनवाडी. मग नकाशात बघा, त्या गावाच्या अंगावरून मोठा रस्ता जातो की गाव आत कुठेतरी डोंगराच्या कुशीत आहे. एसटीने जाणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा फरक हा. चढण किती अवघड, पाणी कुठे, राहायचं कुठे, हे सगळं त्याच्यानंतर.

पाचनई की खिरेश्वर

हरिश्चंद्रगडाच्या बाबतीत हा फरक अगदी स्वच्छ दिसतो. गड अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. वर जायच्या सगळ्यात सोप्या वाटेचा पायथा पाचनई, तेही अकोल्यातच. "नवीन आहात ना? मग पाचनईने जा," असं कोणीही सांगेल. सांगणारा बहुधा चारचाकीने गेलेला असतो.

पाचनईला राजूरवरून जावं लागतं आणि अशा आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच गाड्या असतात. त्यात एक मुक्कामी गाडी. ही गाडी तालुक्याच्या गावाहून संध्याकाळी निघते, चालक-वाहक रात्री गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी माणसं घेऊन परत जाते. गावकऱ्याला हे अगदी सोयीचं आहे: सकाळी तालुक्याला जायचं, काम उरकायचं, संध्याकाळी घरी. आपला प्रवास मात्र नेमका उलटा असतो. आपल्याला सकाळी गावात पोचायचं असतं आणि संध्याकाळी गावातून निघायचं असतं. त्यामुळे आडगावच्या वेळापत्रकाशी ट्रेकरचं कधीच जुळत नाही, आणि त्यात वेळापत्रकाचा काही दोष नाही. शाळेच्या वेळेला धरून असलेल्या फेऱ्यांचंही तसंच. शाळेला सुट्टी असली की ती फेरी बंद, म्हणजे आपण जातो त्या रविवारी आणि मे महिन्यात ती असेलच असं नाही. गावातल्या एखाद्या दुकानदाराने "नऊची गाडी आहे की" असं सांगितलं, तर "रविवारीपण असते का?" हा पुढचा प्रश्न तोंडात तयार पाहिजे.

खिरेश्वर हे जुन्नर तालुक्यातलं, पुणे जिल्ह्यातलं गाव. गडाच्या पूर्वेकडच्या अंगाला. इथून चढायला पाचनईपेक्षा दुप्पट वेळ लागतो. पण कल्याणहून माळशेज घाट चढून आळेफाटा-नगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ इथून पाच किलोमीटरवर, खुबी फाट्याशी आहे, आणि त्या रस्त्यावर दिवसभर एसटी चालू असते. एक गाडी गेली तर तासा-दोन तासांत दुसरी येते. थोडक्यात, पाचनईची चढण सोपी आणि गाडी अवघड, खिरेश्वरचं उलटं. पायांत चार-पाच तास चढायचं बळ असेल तर एसटीवाल्याने खिरेश्वरच धरावं, असं माझं मत. ज्यांना तेवढं चालवणार नाही त्यांनी कसारा किंवा इगतपुरीहून जीप ठरवून पाचनईला जावं. आठ-दहा जण असाल तर ते फार महागही पडत नाही.

(नळीच्या वाटेबद्दल वाचलं असेल तर तूर्तास विसरून जा. तिचा पायथा घाटाखाली, बेलपाड्याला आहे, आणि ती वाट पहिल्या ट्रेकची नाही. दहाव्याचीही नाही.)

हिशोब परतीच्या गाडीपासून मांडायचा

नवीन माणूस पहिली गाडी कधी आहे ते विचारतो. जुना माणूस शेवटची विचारतो.

दोन दिवसांचा बेत धरू: शनिवारी चढायचं, रात्री वर राहायचं, रविवारी उतरायचं. एका दिवसात जाऊन येणं एसटीने जमत नाही असं नाही, पण मग गडावर तासभरच मिळतो आणि तोही सगळा घड्याळाकडे बघण्यात जातो.

रविवारी दुपारी चारला तुम्हाला खुबी फाट्यावर उभं असायचंय असं समजा. खिरेश्वर ते फाटा पाच किलोमीटर, दमलेल्या पायांनी सव्वा तास. म्हणजे पावणेतीनला गाव सोडायचं. गावात जेवण आणि टेकणं मिळून पाऊण तास: दोन. वरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापासून खिरेश्वरपर्यंत उतरायला नवख्या गटाला साडेतीन तास लागतात: साडेदहा. म्हणजे साडेदहाला पाठीवर सॅक चढवून देवळासमोरून निघालेलं असायला हवं. कोकणकडा (गडाचा पश्चिमेकडचा उभा कडा) सकाळीच बघून परत यायचं, चहा-पोहे उरकायचे, तंबू असेल तर तो गुंडाळायचा. उठायची वेळ आपोआप साडेपाच-सहावर येते. हा हिशोब कागदावर मांडून गटातल्या प्रत्येकाला आधीच दाखवा. वर गेल्यावर "अजून अर्धा तास बसू ना" म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो, आणि त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं जातं.

चारच का? कारण चारची गाडी हुकली तर हातात अजून उजेड असतो आणि मागून येणाऱ्या गाड्या असतात. शेवटच्या गाडीवर बेत बांधायचा नसतो. शेवटची गाडी ही राखीव.

मी इथे वेळापत्रक देत नाही. एसटीच्या वेळा हंगामानुसार आणि आगारानुसार बदलतात आणि वर्षभरापूर्वीचं वेळापत्रक हाताशी असण्यापेक्षा नसलेलं बरं. निघायच्या आदल्या दिवशी आगाराच्या चौकशीला फोन करा. फोन उचलला गेला नाही तर परत करा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास गर्दी कमी असते. विचारायचं ते एवढंच: सकाळच्या पहिल्या दोन गाड्या कुठल्या, आणि संध्याकाळी माळशेजवरून कल्याणकडे येणारी शेवटची कुठली.

मुंबईकडून

मध्य रेल्वेची पहाटेची लोकल पकडून कल्याण गाठा. एसटीचा स्टँड स्टेशनच्या पश्चिमेला, पुलावरून उतरलं की समोरच. पण स्टेशनबाहेरच्या कामांमुळे गाड्या सुटायची जागा मधूनमधून हलते, म्हणून फोनवरच तेही विचारून ठेवा.

आळेफाटा, ओतूर किंवा नगर अशी पाटी आणि खाली "मार्गे मुरबाड, माळशेज" असं दिसलं की ती तुमची गाडी. पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण स्टँडवर सगळे "नगर गाडी" असंच ओरडतात. पाटी शोधताना अहिल्यानगर शोधा आणि विचारताना नगर विचारा. लांब जाणाऱ्या गाडीचं आरक्षण मोबाइलवरून करता येतं, मात्र खुबी फाटा हा आरक्षणाचा थांबा म्हणून यादीत मिळाला नाही तर आळेफाट्यापर्यंतचं तिकीट काढावं लागतं. थोडे पैसे जास्त जातात, पण शनिवारी सकाळी बसायला जागा मिळते. मी पावसाळ्यात करतो, हिवाळ्यात नाही.

मुरबाड, टोकावडे, मग सावर्णे आणि तिथून घाट. अडीच-तीन तास धरा. गाडी लागत असेल तर मागच्या बाकावर बसू नका आणि मुरबाडला वडापाव खाऊ नका. दुसरं पाळणं जास्त कठीण आहे.

पुण्याकडून

शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला गेला. नाशिककडे जाणारी गाडी तिथून घ्यायची आणि नारायणगावच्या पुढे आळेफाट्याला उतरायचं. इथे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे फाटा कसला, गावच मोठं आहे. चढताना वाहकाला विचारून घ्या, कारण नाशिकची प्रत्येक गाडी प्रत्येक थांबा घेतेच असं नाही.

आळेफाट्याहून कल्याणकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. ओतूर मागे पडलं, मढ गेलं आणि उजव्या हाताला पाणी दिसायला लागलं की सावध व्हा. ते पिंपळगाव जोगे धरण. खुबी फाटा जवळ आला.

शेवटचं पोटभर जेवण आणि एटीएम आळेफाट्याला करून घ्या.

गाडीत

वाहकाला तिकीट काढतानाच सांगा: "खुबी फाटा, खिरेश्वरला जायचंय." एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. त्यामुळे तिकिटावर फाट्याऐवजी पुढच्या टप्प्याचं नाव छापून आलं तर दचकू नका. जिथे उतरायचं तिथेच उतरायचं. बायकांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. आणि ७५ च्या पुढच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. आमच्या एका ट्रेकला सहापैकी चार मुली होत्या. हिशोब करायला बसलो तेव्हा उरलेल्या दोघांची तोंडं बघण्यासारखी होती.

तिकिटाच्या मशीनवर मोबाइलने पैसे देता येतात, पण घाटात रेंज जाते आणि वाहकाकडे सुट्ट्यांची नेहमीच टंचाई असते. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी एका खिशात वेगळी ठेवा. सॅक मांडीवर घ्या किंवा पुढे चालकाच्या मागे ठेवायला जागा आहे का ते विचारा. मधल्या वाटेत ठेवलेल्या मोठ्या सॅकला अडखळून एखादी म्हातारी पडली की पुढचे दोन तास गाडीतलं एकही माणूस तुमच्याशी नीट बोलत नाही. बरोबरच आहे त्यांचं.

पावसाळ्यात घाटात ढग उतरतात आणि बाहेरचं काही दिसत नाही. अशा वेळी फाटा ओळखायला मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे शेजारी मढला किंवा ओतूरला जाणारा कोणी बसला असेल तर त्याला सांगून ठेवणं. घाट चढून माथ्यावर आल्यावर उठून दाराशी जा. कल्याणकडून येताना धरणाची भिंत डाव्या हाताला दिसते.

फाटा ते गाव

खुबी फाट्यावर चार टपऱ्या आहेत, चहा मिळतो. उतरल्याबरोबर सॅक उचलून चालायला लागू नका. आधी टपरीवाल्याला परतीच्या गाड्यांचं विचारा. कल्याणकडे जाणारी गाडी साधारण किती वाजता इथून पास होते, हे कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. वेळापत्रकात फक्त सुटायची वेळ असते. टपरीवाला रोज ती गाडी बघतो. त्याने सांगितलेली वेळ मी कागदावर लिहून घेतो आणि साडेदहाचा हिशोब तिथेच एकदा तपासतो.

फाट्यावरून खिरेश्वरला जायला धरणाच्या भिंतीवरचा रस्ता आहे. सपाट, सरळ, एका बाजूला पाणी. सावली अजिबात नाही. मार्चनंतर सकाळी दहालाच डोकं तापतं, आणि पावसाळ्यात वारा इतका की छत्री उघडायचं धाडस करू नये. गावात जाणारी एखादी जीप किंवा दुचाकी मागून आली तर हात करा, लोक थांबतात. पण तिच्या भरवशावर वेळ मांडू नका. पाचही किलोमीटर चालायचे आहेत असं धरूनच निघा.

गावात पोचलात की जेवणाचं सांगून टाका, दुसऱ्या दिवशी उतरल्यावरचं. घरगुती पिठलं-भाकरी, आमटी-भात मिळतो, पण आठ जणांची भाकरी ऐन वेळी होत नाही. गावातलं नागेश्वराचं देऊळ बघायला वीस मिनिटं काढा. छतावरचं कोरीव काम बघताना मान अवघडते.

वर

गड चढण्याबद्दल लिहायला हा लेख नाही, तरी एसटीवाल्याला लागेल तेवढं सांगतो. गावातून तासाभरात टोलार खिंड. इथे दगडावर कोरलेला वाघ आहे. खिंडीतून सरळ गेलात तर पलीकडे कोथळ्याला उतराल. गडासाठी डावीकडे वळून चढायचं. पुढे कातळाचा टप्पा आहे, तिथे आधाराला लोखंडी कठडे बसवलेत. तो संपला की गड आला असं वाटतं. आलेला नसतो. पुढे चढ-उतारांच्या टेकड्यांमागून टेकड्या लागतात आणि धुक्यात इथेच लोक वाट चुकतात. पहिलीच वेळ असेल आणि पावसाळा असेल तर खिरेश्वरातून वाटाड्या घ्या. खिंडीपासून देवळापर्यंत अडीच-तीन तास.

वर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ गुहा आहेत, हंगामात गावकरी तंबू आणि जेवणाची सोय करतात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या थंडगार पाण्यात भलंमोठं शिवलिंग आहे आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याचं शुल्क मागितलं तर द्या आणि पावती घ्या. पावसाळ्यात माळशेज आणि आसपासच्या भागासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात. निघायच्या आधी त्या आठवड्याची बातमी बघा. दरड पडून घाट बंद झाला तर कल्याणची गाडीच येत नाही. मग मुंबईकरालाही आळेफाट्यावरून पुणे किंवा नाशिक गाठून, लांबचा वळसा घेऊन घरी यावं लागतं. त्यासाठी खिशात चार पैसे जास्त असू द्या.

परत

फाट्यावर गाडीला हात करताना रस्त्याच्या योग्य बाजूला, वळणापासून लांब, चालकाला शंभर मीटरवरून दिसाल असे उभे राहा. सगळे मिळून, सॅक पायाशी ठेवून. टपरीत बसून गाडी दिसल्यावर धावत सुटलात तर चालकाला तुम्ही प्रवासी आहात की फोटो काढणारे पर्यटक, हे कळत नाही. माळशेजला दुसऱ्या प्रकारचे लोक फार.

खच्चून भरलेली गाडी थांबेलच असं नाही. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी कल्याणच्या गाड्या नगरहूनच भरून येतात आणि घाटात चारचाकींची रांग लागलेली असते. अशा दिवशी आम्ही एक युक्ती करतो: कल्याणची वाट न बघता उलट्या दिशेने येणारी गाडी पकडून आळेफाट्याला जायचं. तिथे नीट जेवायचं आणि तिथूनच सुटणाऱ्या गाडीत चढून जागा धरायची. दीडेक तास जास्त जातो. पण सॅक मांडीवर घेऊन झोपत घरी जाणं आणि तीन तास एका पायावर उभं राहणं, यात मी दीड तास केव्हाही देईन. पुणेकरांना तसंही तिकडेच जायचं असतं.

आणि गाडी चुकलीच तर? एका डिसेंबरात आमची चुकली. गाडीची चूक नव्हती, ती वेळेवर आली आणि वेळेवर गेली. आम्ही कोकणकड्यावर "अजून अर्धा तास" बसलो होतो, आणि तो अर्धा तास मागणारा मीच होतो. धरणाच्या भिंतीच्या मधोमध होतो तेव्हा समोर महामार्गावर तिचे दिवे डावीकडून उजवीकडे सरकत घाटाकडे गेले. पुढचे दोन तास टपरीवाल्याने दुकान आवरेपर्यंत आम्हाला शेकोटीजवळ बसू दिलं. मग त्यानेच ओतूरकडून येणारा टोमॅटोचा टेम्पो थांबवला. दोघं पुढे, मी मागे क्रेटवर, अंगावर ताडपत्री. घाटातल्या प्रत्येक वळणाला वरचं क्रेट माझ्या खांद्यावर टेकायचं आणि पुढच्या वळणाला परत जायचं. कल्याणच्या बाजारात रात्री एक वाजता उतरलो. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत, "क्रेट उतरवायला हात लावा" म्हणाला. लावला. पहाटेच्या लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहिली. अंगाला टोमॅटोचा वास येत होता.

टेम्पो मिळेल असं धरून चालू नका. गाडी चुकली तर सरळ खिरेश्वरात परत जा, कोणाच्या तरी पडवीत झोपा आणि सकाळची गाडी पकडा. सोमवारी ऑफिसात काय सांगायचं ते ठरवायला रात्रभर वेळ मिळतो.